पिवळं झाकण

मंगळवार, ४ मार्च

आज लॅबमध्ये टेबलाखाली शिरले. मी! एकतीस वर्षांची नोकरी, हाताखालच्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं नाव हेडमास्तरीण – आणि टेबलाखाली उकिडवी, दोन्ही कानांवर हात.

झालं एवढंच की नव्या मुलीच्या हातून काचेचा चंबू पडला. काच फुटली की मला मोटार ऐकू येते. दोन वर्षं झाली, तरी.

वॉर्डबॉयने हात धरून बाहेर काढलं. त्याला वास आला असणार. त्याने खिशातली पेपरमिंटची गोळी पुढे केली. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

मुख्य डॉक्टरांचा निरोप: मनाच्या डॉक्टरांना दाखवा, मगच कामावर.

बुधवार, ५ मार्च

मनाची डॉक्टर म्हणजे कोण, तर जिच्या पहिल्या वर्षाच्या स्लाइड मी 'पुन्हा करा' म्हणून तीनदा परत पाठवल्या होत्या ती. आज प्रश्न तिचे, उत्तरं माझी. झोप लागते का? रडू येतं का? जगणं नकोसं होतं का? या शेवटच्याला मी म्हटलं, कामातून सवड कुठे मिळते.

अपघाताचं विचारलं. रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं – मोटार मी चालवत होते, शेजारी भाची, धाकट्या बहिणीची एकुलती एक, वय एकोणीस. ती जागच्या जागी गेली. मला खरचटलं.

"दारू?"

"कधीतरी. चारचौघांत."

खरं म्हणजे रोज. स्टीलच्या पेल्यात, म्हणजे बघणाऱ्याला पाणी वाटावं. सुरुवात अपघातानंतरची. त्या दिवशी पोटात थेंब नव्हता – हेच तर! प्यायलेली असते, तर निदान चूक कशाची ते सांगता आलं असतं.

तिने वाद घातला नाही. रक्त तपासायला लिहून दिलं. यकृताच्या तपासण्या, त्यात जीजीटी – दारूची चुगली करणारा आकडा. घरी काढून आणलंत तरी चालेल म्हणाली, तुम्हाला कोण शिकवणार!

गुरुवार, ६ मार्च

जे केलं ते लिहून ठेवते. लिहायची लाज वाटते, म्हणूनच.

धाकटी माझ्याकडेच राहते, मुलगी गेल्यापासून. पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. लोकांचे कपडे उसवते, घट्ट-सैल करून देते. चहापलीकडे काही प्यालेली नाही. खोकला तेवढा पाठ सोडत नाही, औषधाची बाटली कायम यंत्राशेजारी. रक्त घ्यायच्या, मुदत संपलेल्या कोऱ्या नळ्या मी लॅबमधून आणते, त्यांत तिच्या सुया, बटणं, हुक. झाकणांचे रंग मीच शिकवले – करडं साखरेचं, जांभळं हिमोग्लोबिनचं, पिवळं यकृताचं. त्यांच्या घरी असताना भाची आतून ओरडायची, "आई, यकृतातले दोन हुक दे गं!" आणि आम्ही दोघी हसायचो.

सकाळी धाकटीला म्हटलं, फार पांढरी दिसतेस, रक्त बघू तुझं.

कशाकशाची तपासणी, तिने विचारलं. दोनदा विचारलं. मी म्हटलं, साखर आणि हिमोग्लोबिन. तिने माझ्या हातातल्या नळीकडे बघितलं. मग बाही वर केली.

हात थरथरू नये म्हणून आधी बाथरूममध्ये जाऊन अर्धा पेला घेतला होता. तरी पहिली शीर चुकली. दंड काळानिळा झाला. 

नळीवर लेबल आधीच चिकटवलेलं, माझ्या नावाचं. आधी रुग्णाला नाव विचारायचं, मग रक्त, मग त्याच्यासमोर लेबल – हा नियम मोडला म्हणून दोघांना मी घरी बसवलंय.

नळी स्वतः नेऊन दिली. चालताना मान ताठ होती, हे विशेष.

शुक्रवार, ७ मार्च

धाकटी माझ्या एप्रनची शिवण घालत होती. वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा वाकडी. म्हटलं, चष्मा बदल.

शनिवार, ८ मार्च

जीजीटी दोनशे चाळीस. चाळीसच्या आत हवा.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "याला कधीतरी म्हणत नाहीत, मॅडम."

मग बरंच बोलली. दारू, उदासी आणि तो अपघात, तिन्हींचा एकच गुंता आहे. आधी हे की आधी ते, असं करत बसलं तर काहीच सुटत नाही. उपचार तिन्हींवर बरोबरच. मात्र घरच्या घरी एकदम बंद करायची नाही, झटके येतात, जीव जाऊ शकतो. दाखल व्हा. मी नुसती मान हलवत होते. 

तिथून लॅबमध्ये. नव्या मुलीला म्हटलं, आधी माहीत असलेल्या आकड्याचा नमुना लावून यंत्र तपास, मग हा पुन्हा लाव. बिचारीने घाबरत लावला. यंत्र ठणठणीत. दोनशे अडतीस.

निदान बरोबर. रक्त दुसऱ्याचं!

घरी आले तेव्हा धाकटी कपडे पोचवायला गेली होती. खोकल्याच्या औषधाचं बूच काढलं. ओळखायला मला श्वासही पुरा घ्यावा लागला नाही.

एका छताखाली दोन वर्षं. माझा वास तिच्यापासून लपवण्याच्या नादात तिचा मला आला नाही.

रविवार, ९ मार्च

गप्प बसणं सोपं आहे. निदान बरोबरच आहे, दाखल होईन, बरी होईन. नोकरी राहील, एकतीस वर्षांची अब्रू राहील.

आणि ती यंत्राशेजारी बसून राहील, त्या बाटलीपाशी. एकदा तिच्या मुलीला घेऊन गेले आणि एकटीच परत आले. आता पुन्हा एकटीच बरी होऊन येऊ?

धाकटीने जेवायला हाक मारली. जेवले, ताटाकडे बघत.

सोमवार, १० मार्च

सांगितलं. नळी, लेबल, बाथरूममधला अर्धा पेला, सगळं. डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. ओरडली नाही. म्हणाली, मुख्य डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं, मी नाही.

तेही केलं. उभ्याने. त्यांनी लॅबची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. चौकशी होईल. दारातून बाहेर पडताना पहिल्यांदाच वाटलं, आपण किती बुटक्या आहोत.

मग माझं रक्त. काढलं नव्या मुलीने. सुई हातात घेऊन थांबली – मीच शिकवलेलं – "नाव सांगा." माझ्या तोंडून माझंच नाव निघेना. तिने पुन्हा विचारलं, हळू. सांगितलं. एका फटक्यात शीर सापडली तिला. लेबल माझ्यासमोर लावलं.

बहिणीसाठीही खाट राखून ठेवते, डॉक्टरीणबाई म्हणाली. फक्त तिला ओढून आणायचं नाही. फसवून तर नाहीच. विचारून.

मंगळवार, ११ मार्च

विचारलं. आधी कबूल केलं की तुला फसवून रक्त घेतलं, साखरेचं नव्हतं ते.

ती सुई ओवत होती. दोरा नेढ्यातून जात नव्हता. वर न बघता म्हणाली, "पिवळं झाकण होतं, ताई. मला वाटलं, तुला कळलंय, तोंडाने विचारवत नाही. म्हणून तर हात दिला."