कूस बदलण्याची बक्षिसी

३ मार्च, सोमवार
डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी आईची कूस बदला. नाहीतर पाठीला जखम होईल — या वयात ती भरत नाही! तेव्हापासून जीव टांगणीला. मला एकटीला आई हलत नाही. वॉर्डात खाटा अठरा, मावशी एकच. दुपारी दोनदा हाक मारली. ‘येते हो!’ म्हणाली. चार वाजून गेले तरी पत्ता नाही.

४ मार्च
मावशीच्या हातात शंभराची नोट ठेवली. तिनं आईला अलगद वळवलं, पाठ पुसली, पावडरही लावली.

दादाला फोनवर सांगितलं तर भडकलाच. ‘पगार मिळतो ना तिला? तूच सवय लावतेस!’ लांब बसून तत्त्वं सांगायला काय जातं! पण विचार आला — हॉटेलात जेवण झाल्यावर ठेवतो, ती बक्षिसी. मी तर आधीच दिली. ही कसली?

५ मार्च
आजही दिली. नाही दिली तर? डोक्यात एवढंच.

६ मार्च
शेजारच्या खाटेवर एक आजी आहेत. वाचा गेलीय, लेक परगावी. आज बघितलं — मावशी आईपाशी वीस मिनिटं होती आणि आजींच्या कूस बदलल्याच्या तक्त्यावर नुसती सही करून गेली. त्यांना हातही लावला नाही! दहाला, बाराला, दोनला — तेच.

‘मावशी, त्या आजी...’ इतकंच म्हणाले.

‘ताई, मला हात दोनच आहेत. तुमच्या आईचं नीट चाललंय ना?’

रागानं नाही बोलली. दमली होती बिचारी. सिस्टरला सांगावं? मग उद्या आईला कोण वळवणार? गप्प बसले. लाज वाटते. भीती त्याहून जास्त वाटते.

८ मार्च
आजींच्या चादरीवर डाग! पाठीला जखम झालीय. सिस्टर तक्ता उलटसुलट करून म्हणाली, ‘सह्या तर सगळ्या आहेत.’ मी खाली मान घालून आईची उशी ठीक करत राहिले. आईची पाठ चांगली आहे. चारदा बघितली.

९ मार्च
आजींची लेक आली. माझा हात धरून म्हणाली, ‘तुम्ही दिवसभर इथेच असता ना? माझ्या आईला वळवत होते ना हो?’ मावशी दारातच उभी होती.

मी ‘हो’ म्हणाले.