पिवळ्या स्वेटरचे सात नियम

रविवार, ४. सकाळ
मुलगा आणि सूनबाई कामासाठी दहा दिवस परगावी गेले. छोटी आमच्याकडे. वय सव्वा वर्ष, दात सहा, कपडे बेचाळीस.

जाताना सूनबाईने वॉशिंग मशीनवर कागद लावला. टाइप केलेला, वर प्लास्टिक. ‘छोटीचे कपडे: सात नियम.’ पहिला वाचला: लोकर फक्त गार पाण्यात. तिथेच थांबले. मला शिकवते! कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या सिस्टरने मला वर्गासमोर उभं करून म्हटलं होतं, रुमाल धुवावा तर हिने.

वर दारातून म्हणे, ‘‘आई, हे दहा दिवस कसे जातात बघू. मग दर शनिवारी छोटीला तुमच्याकडे सोडायचं की माझ्या आईकडे, ते ठरवू.’’ म्हणजे परीक्षाच.

निश्चय: एकही नियम पाळायचा नाही. कपडे मात्र असे निघाले पाहिजेत की तिने विचारावं, आई, कसं केलंत? मी नुसती हसेन. सांगणार नाही. हाच सूड.

सोमवार, ५
छोटीच्या सगळ्या सुती फ्रॉकना स्टार्च. आमच्या युनिफॉर्मला असायचा. असेंब्लीत दोनशे मुली एकदम खाली बसल्या की वाळक्या पानांवरून कुणी चालत गेल्यासारखा आवाज यायचा. अजून कानात आहे.

छोटी बसेना. दिवसभर उभी. हे म्हणाले, ‘‘अगं, तिला वाकता येत नाहीये.’’ म्हटलं, पोश्चर सुधारतंय.

मंगळवार, ६
छोटीच्या मानेवर लाल चट्टा. दात येत असणार.

संध्याकाळी फ्रॉक हातात घेतले तर सगळे मऊ. स्टार्च आपोआप उतरला. उत्तम स्टार्चचं हेच लक्षण.

गुरुवार, ८
दुपट्यांवर गाजराचे डाग. सकाळी घासघास घासले, ढिम्म हलेनात. तशीच बादलीत टाकून जेवले. जरा डोळा लागला. उठून पाहते तर दुपटी दोरीवर, पांढरीशुभ्र! मीच घातली असणार वाळत. माझी पद्धत उशिरा काम करते, पण करते.

ह्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. विचारलं तर म्हणे तोंड धुतलं. तोंड धुताना एवढं पाणी? वय झालं ह्यांचं.

मशीनवरचा कागद दिसत नाही. बरं झालं, पीडा टळली.

शुक्रवार, ९
विहीणबाईंचा फोन. ‘‘ताई, तो पिवळा स्वेटर तेवढा जपा हं. डोळ्यांच्या ऑपरेशनआधी विणलेला शेवटचा. आता टाके दिसत नाहीत मला.’’ मी गोड बोलले.

जपा हं! जसं काही मी कपडे फाडूनच खाते.

छोटी त्या स्वेटरशिवाय झोपत नाही. त्याची बाही चोखते. माझी नात, माझ्या घरात, त्यांची बाही चोखते! कॉलरसुद्धा धड नाही, डावीकडे कललेली.

निश्चय: उद्या स्वेटर असा धुवायचा की विहीणबाईंना स्वतःचा स्वेटर ओळखू येऊ नये.

शनिवार, १०. सकाळी ८
हे फिरायला गेले. कडकडीत पाणी, साबणाचा चुरा, ब्रश. वीस मिनिटं. मग एकदम गार पाणी. जंतू दचकून मरतात. घट्ट पिळला. दोरीवर, चार चिमटे. झोकात.

११ वाजता
खिडकीतून स्वेटर लहान दिसतोय. दोरी लांब आहे.

११.१०
दोरी लांब नाही.

दुपार
एक बाही मी ओढली, एक ह्यांनी. ढिम्म. जाड, ताठ, एखाद्या टोपीच्या कापडासारखा. हे म्हणाले, ‘‘अगं, नियम एक.’’ ह्यांना नियम एक काय ते कसं ठाऊक? विचारायला सवड नव्हती. छोटी बाही मागत होती. माझ्या गाऊनची दिली. थुंकली.

रविवार, ११
शांतपणे विचार केला. लोकरच हलकी होती. दोष विहीणबाईंचा. तरी मी मोठ्या मनाने तसाच नवा विणणार. तीन दिवस भरपूर झाले. माझ्या सुया एके काळी मशीनसारख्या चालत. पिवळी लोकर आणली.

सोमवार, १२
कॉलर डावीकडे कलती करायची आहे, पण ती सरळच होतेय. तीनदा उसवली. बाईने कशी केली असेल? कमी दिसत असताना?

हा विचार खोडून टाकायला हवा.

मंगळवार, १३
एकूण प्रगती: पाठ, अर्धी.

नवी योजना. आटलेला स्वेटर छोटीच्या बाहुलीला घातला. मापाचा बसला. छोटी बाहुलीला कवटाळून, तीच बाही चोखत झोपली. सूनबाईला सांगायचं: हा मी बाहुलीसाठी विणला, तो मोठा कुठे हरवला कोण जाणे. निर्दोष. हे म्हणाले, ‘‘मला यात घेऊ नकोस.’’ घाबरट.

बुधवार, १४. संध्याकाळ
ते आले. सूनबाईने बाहुली उचलली. मी म्हटलं, मीच विणला. ती म्हणाली, ‘‘आई, कॉलर डावीकडे आहे.’’

संपलं.

मग ह्यांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखालून तो कागद काढला. स्टार्च ह्यांनी उतरवला होता. दुपटीही ह्यांनीच धुतली. रोज दुपारी, मी झोपल्यावर, नियम वाचून वाचून.

सूनबाईने कागद उलटा केला. प्लास्टिकखाली, मागच्या बाजूला, माझं पत्र. छोटी पोटात असताना मीच तिला लिहिलेलं. कॉन्व्हेंटचं अक्षर, उजवीकडे झुकलेलं. ‘बाळा, लोकर फक्त गार पाण्यात. पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब. लहान मुलाच्या कपड्यांना स्टार्च चुकूनही नको, अंगाला टोचतो.’ सातही नियम. मी इतकी शहाणी होते हे विसरलेच होते.

ती म्हणाली, ‘‘तुमचं अक्षर छोटीसाठी राहावं, म्हणून मागे ठेवलं होतं.’’

विहीणबाईंना फोन मीच केला. खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘बाहुलीला बसला ना, ताई? मग वाया नाही गेला.’’ सूड उगवायला तसूभर जागा ठेवली नाही बाईने.

निकाल: शनिवार मिळाले. अट एकच. छोटीचे कपडे बाबा, म्हणजे हे, धुतील. आईंनी वाळत घालताना फक्त चिमटे द्यायचे.

तेवढं तरी चोख करावं म्हणून पत्र पुन्हा वाचायला घेतलं. सातवा नियम: लोकर आडवी पसरून वाळवावी, चिमटा लावू नये. खाली दोन रेघा. माझ्याच.