निळं झाकण

३ मार्च, सकाळी
आजपासून शिस्त. गाइड मॅडमनी निर्वाणीचं सांगितलंय. महिनाअखेर रिझल्ट नाही, तर प्रोजेक्ट बंद आणि माझी पीएचडी बासनात. काम तसं सोपं आहे. डोळ्यांना न दिसणारे नॅनोपार्टिकल घ्यायचे, त्यांना वरून एक रेणू चिकटवायचा, की ते रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत. रेणू चिकटलाय. रक्ताला कळायचं बाकी आहे.

८ मार्च
पुन्हा गुठळी. माझंच रक्त, माझेच कण, आणि नळीत दही. दोष नळ्यांचा. शेजारच्या लॅबमधून निळ्या झाकणाच्या नव्याकोऱ्या उसन्या आणल्या. तळाशी थेंबभर पाणी दिसतं, बाष्प असेल. लेबल आहे, पण एवढं बारीक कोण वाचत बसणार.

१२ मार्च, संध्याकाळी
गोठलं नाही. सकाळचं रक्त अजून पातळ आहे. कण न घालता, नुसतं मिठाचं पाणी घालून एक नळी लावायची असते, तिला कंट्रोल म्हणतात. लावली नाही. जे ढळढळीत दिसतंय ते काय तपासायचं. बायकोला दुसऱ्या शहरात बढती मिळत होती. तिला फोन करून म्हटलं, नाही म्हणून कळव, आता आपलं इथेच बस्तान. ‘ठेवते’ म्हणाली आणि फोन ठेवला. भरून आलं असणार.

१३ मार्च
दिवसभर झोपलो. यशानेही माणूस दमतो.

१९ मार्च
मॅडमना नळी दाखवली. त्यांनी आधी झाकण बघितलं, मग कंट्रोल विचारला. समोर बसवून करायला लावला. मिठाच्या पाण्यातलं रक्तही गोठेना. म्हणाल्या, अरे, या नळ्यांत रक्त न गोठण्याचं औषध आधीच घातलेलं असतं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घरी जा म्हणाल्या, दमलायस. प्रोजेक्टचं विचारलं, तर उरलेल्या नळ्या शेजारच्या लॅबला परत कर म्हणाल्या.

२० मार्च
बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, माझ्यापायी तुझी बढती गेली, वाईट वाटतं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, गेली नाही. तुझा फोन ठेवला आणि लगेच ऑफिसला हो म्हणून कळवलं. घरही बघून झालंय, एका खोलीचं. दोघांना पुरेल का, विचारलं. म्हणाली, मला पुरेल.
हवेशीर आहे म्हणे.