गढीतली मंडळी

५ मार्च १९५७, मंगळवार

घोडा मेला! हा सासूबाईंचा आजचा नवा मुद्दा. माझ्या नवऱ्याच्या, फेस्टीच्या, पणजोबांनी म्हणे त्या गढीच्या कडेला नांगर टेकवला आणि दिवस मावळायच्या आत घोडा उभ्याउभ्या गेला. मागच्या आठवड्यात तो बैल होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात पणजोबा स्वतःच गेले होते. माझ्या सासूबाईंच्या घराण्यात एकूण पणजोबा किती, हे एकदा नीट विचारून घेतलं पाहिजे.

मी पॅनकेक उलटत राहिले. उद्यापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचे उपास, निदान आज तरी भांडण नको.

गढी म्हणजे काय, तर मातीचा गोल बांध, आत गवत आणि एक वेडंवाकडं काटेरी झाड. पण आमच्या सगळ्या जमिनीत कोरडी आणि उंच जागा तेवढीच! तिथून समुद्र दिसतो. मला तिथं घर हवंय. दोन खोल्या चालतील, पण चूल माझी. सहा वर्षं या बाईच्या चुलीपुढे उभी आहे, आणि किटली कुठल्या आकड्याला टांगायची हेसुद्धा अजून त्याच ठरवतात.

सरकार जमीन सपाट करायला मशीन देतंय. अर्ज मी भरला. फेस्टीने सही केली — आईकडे पाठ करून.

७ मार्च

काळा चहा, कोरडा पाव, आणि तोंडी लावायला कोलमन. शेजारचा म्हातारा. बायको जाऊन तीस वर्षं झाली, जिभेला अजून विसावा नाही.

"विनी, त्या गढीखाली एक राजा झोपलाय बघ. शंभर शिपाई, शंभर घोडे. आयर्लंडवर संकट आलं की उठणार."

"सातशे वर्षं इंग्रज छाताडावर बसले होते, तेव्हा नुसती कूस बदलत होता वाटतं?"

"झोप फार गाढ आहे गं त्याची."

"मग मशीनच्या आवाजाने काही मोडत नाही. निर्धास्त राहा."

फेस्टी खो खो हसला. कोलमनही हसला, उगीच. सासूबाई मात्र हात पुसत म्हणाल्या, "ती मंडळी ऐकत असतात."

ती मंडळी! भूत म्हणायचं नाही, परी म्हणायचं नाही. ती मंडळी! जणू मुलगी बघायला आलेत.

१२ मार्च

टपालकचेरीतल्या बीझीने गढीवर रडणारी बाई ऐकली. केस विंचरत रडते म्हणे. मी विचारलं, फणी कुठल्या दुकानातली? बीझीने माझी तिकिटं काउंटरवर आपटली. आता पत्रं उशिरा मिळणार!

१९ मार्च

या लोकांशी वाद घालून उपयोग नाही. त्यांच्या वरच्यालाच गाठलं पाहिजे. गेले सरळ फादरकडे.

त्यांनी सगळं ऐकलं, बूट शेकोटीकडे पसरले आणि म्हणाले, "विसाव्या शतकात पऱ्या! माझ्याच गावात! बाई, रविवारी बघतो मी एकेकाला."

येताना चढावर दम लागला नाही.

२४ मार्च, रविवार

आणि बघितलंच त्यांनी! अर्धा तास. "देवापुढे गुडघे टेकायचे आणि बांधावरच्या भुतांनाही घाबरायचं? लाज नाही वाटत?" मी मान वळवून पाहिलं. बायकांची आख्खी रांग खाली बघत होती. कोलमन टोपी गरागरा फिरवत होता. आणि सासूबाई उठल्या. प्रवचन चालू असताना, सगळ्यांसमोर उठल्या आणि बाहेर गेल्या! सदुसष्ट वर्षांच्या बाईने असं करावं? फेस्टी कानापर्यंत लाल झाला.

इथं खरं लिहायला हरकत नाही. मला आनंद झाला.

घरी आले तर माझा चहा ओतून ठेवलेला. मी म्हटलं, "आई, आता तर फादरच म्हणाले."

"म्हणाले. त्यांचं काय जातं?"

बस्स. एवढंच. बोलायला मुद्दा उरला नाही की माणूस असंच काहीतरी म्हणतो.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी हे लिहायला घेतलं असतं तर मजेचं लिहिलं असतं.

फेस्टी कालवडी घेऊन दोन दिवसांच्या बाजाराला गेला होता. मी हातगाडी घेऊन गढीवर गेले, घराच्या खुणा करायला. आत बांधाच्या कडेने गवतात लहान लहान दगड उभे होते. वीतभर उंचीचे, एका ओळीत. पायाच्या भरावाला छान, असं वाटलं. उपटले. गाडी भरली. ना त्या मंडळींनी माझं तोंड वाकडं केलं, ना काही. मी गुणगुणत खाली आले.

सासूबाई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्यांनी गाडीत पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या एकेक दगड उचलून बघायला लागल्या. हाताने चाचपून.

"हा माझा," म्हणाल्या. थोड्या वेळाने, "हाही माझा." मग तिसरा शोधत राहिल्या. सापडेना. सगळे दगड जमिनीवर काढले, तेव्हा सापडला.

"कसले दगड, आई?"

"माझी पोरं गं."

फेस्टीच्या आधीची तीन. बाप्तिस्मा व्हायच्या आतच गेली. आणि बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या मातीत जागा नाही. फादरच्या आधीचे फादर दारातूनच 'नाही' म्हणाले. नवऱ्याने दर वेळी खोक्यात घालून उजाडायच्या आत गढीत नेलं. यांना खाटेवरून उठूही दिलं नाही. महिन्याने स्वतः गेल्या, तेव्हा नवऱ्याने दगड दाखवला. गावातल्या सगळ्यांचीच तिथं आहेत, आजीच्या आजीपासूनची.

"बाहेर बोलायची सोय नव्हती," म्हणाल्या. "पण कुणी नांगर तर घालायला नको ना त्यांच्यावर? मग काय सांगायचं? घोडा मेला म्हणून सांगायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठला दगड कुठून उपटला, ते मला एकाचंही आठवत नाही.

३० मार्च

मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईही घराबाहेर पडल्या नाहीत. तरी सकाळपासून बायका येऊ लागल्या.

पहिली बीझी. गाडीपाशी वाकली, एक टवका उडालेला दगड काढला, एप्रनखाली धरला आणि चढ चढून गेली. मग दुसरी. मग दोघी बहिणी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दारात उभी होते. आत जायची हिंमत नव्हती, बाहेर यायचीही.

शेवटी कोलमन आला. तांबूस दगड उचलला.

"दोघं एकाच दिवशी गेली बघ, विनी. तिला चर्चने आत घेतलं, त्याला नाही." मग टोपी डोक्यावर घातली. "येतो जरा. राजाला सांगतो, झोप म्हणावं."

मी तेव्हा रडले. तो निघून गेल्यावर.

चार दगड उरले. त्यांच्या आया आता नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "चल, उचल दोन." वर गेलो. त्यांची जागा कुठली, मी विचारलं. "ठेव कुठंही. शेजार मिळाला की झालं." त्यांनी त्यांचे तीन बांधाच्या कडेला रोवले. अदमासानेच. माती दाबताना मी हात लावला तर ढकलला नाही.

संध्याकाळी फेस्टी बाजाराहून परतला, तेव्हा त्याला कळलं. छत्तिसाव्या वर्षी! बराच वेळ गोठ्यात बसला होता. मग आत येऊन आईला एवढंच विचारलं, "भाऊ का बहिणी?"

"दोन बहिणी. मधला भाऊ."

तो त्यांच्याजवळ बसला. मी किटली टांगली, त्यांच्याच आकड्याला.

२ एप्रिल, मंगळवार

मशीनवाला आला. मी गढीच्या वाटेत उभी राहिले. सांगितलं, दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने इथं नुसतं फावडं घातलं, त्याच संध्याकाळी त्याची वाचा गेली; अजून खुणा करून चहा मागतो. तो हसला. म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता, आणि असलं काय सांगता?" मी हसले नाही. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग गढीकडे, आणि मशीन वळवून गेला.

मला चुलतभाऊच नाही.