ताऱ्याच्या पश्चिमेला

६ ऑगस्ट
फर्स्ट शिफ्ट करून सुप्याहून साडेचारला घरी. दिवसभर कंपनीत पार्टवरच्या चिरा शोधायच्या आणि घरी पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या गटाने पाठवलेली आकाशाची चित्रं मोबाईलवर चाळायची. फुकट. हौस, दुसरं काय.
आज सापडली! सर्पिल दीर्घिका, दोन्ही अंगांना लांबलचक रेडिओ झोत. सर्पिलांना असे झोत फार क्वचित.
फॉर्ममध्ये दिशा लिहायची होती. चित्रात ती एका ठळक ताऱ्याच्या उजवीकडे आहे. यांना विचारलं, जन्म जमिनीच्या मोजणीत गेलेला. म्हणाले, "उजवीकडं म्हंजे पूर्व. त्यात काय इचारायचं?"
पाठवलं.

११ ऑगस्ट
गटाच्या मॅडमचं उत्तर. 'ताऱ्याच्या पूर्वेला काहीही नाही. नोंद बाद.' जेवण गेलं नाही. भास झाला की काय मला? गटाची नव्या दीर्घिकांची यादी २० ला बंद होते. सोडणार नाही.

१६ ऑगस्ट
सुट्टी. दुपारी गच्चीत. चित्रात उत्तर वर, म्हणून उत्तरेकडे डोकं करून उताणी पडले, मोबाईल तोंडावर धरला. सासूबाई कपडे काढायला आल्या त्या ओरडल्याच. "आगं बया! मेल्याला ठिवत्यात तसं कुनी झोपतं का? ऊठ आदी!"
उठले नाही. डावा हात पूर्वेला येत होता! जमिनीचा नकाशा वरून खाली बघून काढतात, आकाशाचा खालून वर. म्हणजे उजवीकडे पश्चिम.
यांनी कान पकडले. "आकाश कुटं मोजलंय मी कधी?"

१७ ऑगस्ट
मॅडमना फोन. "बाद नोंद पुन्हा उघडत नाही."
"दिशा माझी चुकली, दीर्घिका आहे तिथेच आहे. पश्चिमेला बघा, मी फोन धरते."
धरला. बराच वेळ. मग तिकडून नुसतं, "अरे..."

२० ऑगस्ट
यादीत आली. पुढे लिहिलंय, 'खात्री बाकी'. झोत तिचेच, की तिच्यामागे दडलेल्या दुसऱ्याच दीर्घिकेचे, हे मोठ्या दुर्बिणीतून बघितल्यावर ठरेल. तेही हिवाळ्यात, दुर्बिणीवर वेळ मिळाला तर.
हे म्हणाले, "आन् तिचे न्हाई निगाले तर?"
"तर मागची सापडेल. तीही अजून कुणी बघितलेली नाही."
म्हटलं खरं. पण मला हीच हवी आहे.