गाठ लहान झाल्यामुळे बंद केलेले औषध पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. औषध मंजुरी अधिकारी,
कर्करोग साहाय्य कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : गुण आला म्हणून धाकट्या जावेचे औषध बंद केल्याबाबत.
संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र.

महोदय,

माझ्या धाकट्या जावेच्या काखेत कर्करोगाची गाठ आहे. आपणच मंजूर केलेल्या औषधाने ती निम्म्याहून लहान झाली. त्यावर आपण कळवता की, गाठ आता ‘मंजुरीच्या किमान मापात बसत नाही’, सबब औषध बंद. ‘वाढ झाल्यास नव्याने अर्ज करावा’. पत्र दोनदा वाचले. एकदा आपल्यावर विश्वास बसेना म्हणून, दुसऱ्यांदा बसला म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावले ते आपणांसही सांगते. फावल्या वेळात वाचावे, तो आपल्याकडे आहेच. शरीरात काही प्रथिने पेशींना ‘वाढ’ असा निरोप देत फिरतात. निरोगी पेशी गरजेपुरते ऐकते. जावेच्या गाठीतल्या पेशींना मात्र असे निरोप घेणारे कान भारंभार फुटले आहेत. औषध ते कान बुजवते. बुजवणे थांबले, की गाठ पुन्हा ऐकू लागेल. अशी काही प्रथिने गाठीसाठी नव्या रक्तवाहिन्याही मागवतात. त्या विनाअर्ज मिळतात.

हे आपल्या खिडकीवरच्या बाबूंना सांगितले. ते म्हणाले, “डोकं दुखायचं थांबल्यावर गोळी खाता का, बाई?” अर्धी आग विझली म्हणून बंब माघारी धाडणारे कार्यालय मी प्रथमच पाहिले.

आम्हा दोघींची लाँड्री आहे. गेले कित्येक महिने जाऊ खालच्या दांडीलाच कपडे लावत होती, हात वर जात नव्हता. परवा तिने वरच्या दांडीला एक लांब कोट टांगला आणि मी पाहिले का, हे वळून पाहिले. मी इस्त्री फिरवीत राहिले. डोळे पुसले असते तर तिला कळले असते. आपले पत्र ऐकून ती एवढेच म्हणाली, “ताई, साहेबांना लिहा, गाठ न विचारता लहान झाली, चूक झाली.”

पुढचा डोस सोमवारी आहे. तोवर मंजुरी द्यावी. जमत नसल्यास ‘गाठ वाढू द्यावी’ असा स्पष्ट आदेश आपल्या सहीनिशी द्यावा, आणि तो तिला वाचून दाखवायला स्वतः लाँड्रीत यावे. मी वाचणार नाही.

आपली,
(‘नम्र’ मंजुरीनंतर)
रुग्णाची थोरली जाऊ

दिनांक : शुक्रवार, कार्यालय उघडण्यापूर्वी

सोबत : डॉक्टरीणबाईंचे शिफारसपत्र, गाठीचे आधीचे व आताचे स्कॅन.