हातोडी पडते, मग आवाज येतो

दि. १२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही ठीक. तू रविवारच्या गाडीने येणार म्हणून हिने आत्तापासूनच घर डोक्यावर घेतलंय. झाडायला म्हणून मला खुर्चीवरून तीनदा उठवलं.

फोन करायचा सोडून धाकटा पत्र कसलं लिहितोय, असं म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत माझ्याकडून सगळं काढून घेतलं असतंस, म्हणून.

महिनाभर काहीतरी विचित्र होतंय. ही टेबलावर पेला ठेवते, ठेवलेला मला दिसतो, आणि ठक्क आवाज नंतर येतो. तिचा हात तेव्हा मागे गेलेला असतो. मी दचकून बघतो, घरात आणखी कोण आहे. समोरच्याचे ओठ मिटतात आणि शब्द येत राहतात. हल्ली मी हिच्याशी खिडकीकडे बघत बोलतो. तिला वाटतं, रुसलोय. हसू नकोस दादा, मला फार भीती वाटते.

गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी दिवा लुकलुकवला, टिकटिक ऐकवली आणि आधी काय झालं, लुकलुक की टिकटिक, ते विचारत बसले. म्हणाले, डोळ्याची बातमी आणि कानाची बातमी डोक्यात वेगवेगळी पोचते; मेंदू दोन्हींची गाठ बांधतो, म्हणून पेला आणि ठक्क ही एकच गोष्ट वाटते. तुमची ती गाठ सैल झालीय. तपासण्या होईपर्यंत कामावर जाऊ नका. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो.

रेल्वेची चाकं हातोडीने वाजवून तपासायचं काम मला तूच शिकवलंस. डब्याच्या या बाजूला मी, पलीकडे माझा जोडीदार लंबू. आधी माझी हातोडी, मग त्याची, म्हणजे आवाज मिसळत नाहीत. चाक खणखणलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा. सोमवारी मी हातोडी मारली, मग लंबूची पडताना दिसली, आणि तेवढ्यात बद्द आवाज आला.

लंबूने विचारलं, "तुझं होतं का रे?"

मला ठाऊक नव्हतं. पुन्हा वाजवून बघायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर स्वतःच्या हातोडीचा आवाज मला ओळखता येत नाही हे त्याला कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत हातोडी गेली असती. मी म्हणालो, छे, ब्रेकचा ठोकळा हलला. तो मला मानतो, पुढे गेला. मी सगळ्या चाकांवर खडूने बरोबरची खूण केली.

ती तुझी रविवारची गाडी आहे. शेवटून तिसरा डबा.

तेव्हा दादा, त्या गाडीने येऊ नकोस. एवढंच सांगायला पत्र लिहायला घेतलं होतं. शेजारी उद्या बसने तिकडे येतोय, त्याच्या हाती देणार होतो.

पण हे लिहिलं आणि हात थांबला. तू बसणार नाहीस, पण त्या डब्यात कुणाचा तरी दादा बसलेला असेलच ना? आत्तासुद्धा असेल. सोमवारपासून गाडी धावतेय आणि मी तुझ्या एकट्याची काळजी करत बसलोय. लाज वाटते रे.

साडेदहा झालेत. अकराला गाडी मोठ्या स्टेशनात थांबते. साहेबांना फोन लावतोय, डबा तिथेच काढून घ्या म्हणून. वेळेत सापडोत. मला शिव्या घालतील. फोनवर त्यांचं तोंड दिसणार नाही, त्यामुळे एकूण एक शिवी वेळेवर ऐकू येईल.

ज्याच्या खुणेवर तू डोळे मिटून गाडीत बसायचास आणि आता बसू नयेस, असा तुझा,
धाकटा